हजार, सहस्र आणि एका नाशिककरांचा राग

नाशिककर महोदय,

(प्रतिक्रियेखाली तुम्ही एवढंच नाव लिहिलंत, म्हणून तसंच म्हणतो.)

संख्यांच्या नावांवरच्या माझ्या लेखाने तुम्ही चिडलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘हजार’ हा अरबी, परका शब्द. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आपल्या भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी जन्मभर खटाटोप केला, आणि मी मात्र ‘हजार आणि सहस्र एकाच घरातले’ म्हणून परक्याला पाट मांडतो. नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवायची, तर उद्या ‘हजर’ आणि ‘हजार’ही भाऊ ठरतील. शिवाय लेखात ‘सहस्त्र’ असं अशुद्ध छापलंय.

शेवटचं आधी. चूक माझीच. ‘स’ला ‘र’ जोडला की ‘स्र’ होतो. मधला ‘त’ घुसला तो ‘शस्त्र’, ‘वस्त्र’ लिहायच्या सवयीने. दुरुस्त केलंय.

आता ‘अरबी’चं. अरबीत हजाराला ‘अल्फ’ म्हणतात. ‘हजार’ फारसी आहे. हा फरक किरकोळ वाटेल, पण सगळा वाद त्यावरच उभा आहे. अरबी सेमिटिक कुळातली. फारसी मात्र संस्कृतची नात्यातली, चुलत घराण्यातली. ‘हजर’ खरोखरच अरबी, म्हणून त्याचं हजाराशी काही नातं नाही. इथे तुम्ही बरोबर आहात: सारखं ऐकू येणं हा पुरावा नव्हे. ध्वनी नेमाने, ठरल्या वाटेने बदलत गेलेले दिसले, तरच तो पुरावा.

तो नेम असा. संस्कृतात जिथे ‘स’, तिथे इराणी शाखेत बहुतेकदा ‘ह’ येतो. सप्त आणि हफ्त (आपला ‘हप्ता’ तिथलाच), असुर आणि अहुर, सिंधू आणि हिंदू. हो, ‘हिंदू’सुद्धा त्याच दारातून आलाय, हजाराला बाहेर काढायचं तर त्या दाराकडे जरा जपून बघा. दुसरा नेम कमी लोकांना ठाऊक असतो. संस्कृतातल्या ‘ह’च्या जागी इराणीत ‘झ’सारखा उच्चार येतो. बाहू आणि बाजू. हिरण्य आणि जर. येवल्याच्या पैठणीच्या पदरात जी जर चमकते, तिचा आणि वेदातल्या हिरण्याचा धातू एकच, दोन्ही अर्थांनी!

हे दोन नेम ‘सहस्र’ला लावून पाहा. पहिल्या ‘स’चा ‘ह’ झाला, ‘ह’चा ‘झ’ झाला, आणि ‘र’च्या आधीचा दुसरा ‘स’ही ‘ह’च्या वाटेने जाऊन विरून गेला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, या शब्दाचं रूप ‘हझङ्र’ आहे. पुढे फारसीत ‘हझार’. एका शब्दात इतके बदल, आणि सगळे नेमाप्रमाणे. याला योगायोग म्हणणं कठीण. मात्र ‘सहस्रचा अपभ्रंश हजार’ असंही मी म्हणत नाही. ते दोघं भाऊ, एकमेकांचे बाप नव्हेत.

या भावकीत अजूनही माणसं आहेत. ‘सहस्र’मधला ‘स’ म्हणजे ‘एक’, तोच ‘सकृत्’ म्हणजे ‘एकदा’मधला, उरलेल्या भागाचा भाऊबंद ग्रीक ‘खिलिओइ’. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दशमान मापं ठरवताना त्यातूनच ‘किलो’ काढला. भाजीवाल्याकडे आपण किलोचा भाव विचारतो, तेव्हा सहस्रच तोलत असतो. हंगेरियन तर या कुळातली भाषाच नाही, पण तिथे हजाराला ‘एझेर’ म्हणतात, कोणे एके काळी इराणी शेजाऱ्यांकडून उसना घेतलेला. कन्नड ‘साविर’ संस्कृतातून गेलाय. इंग्रजी ‘थाउजंड’ वेगळ्या घरचा. त्याचा मूळ अर्थ ‘फुगलेलं शंभर’ असा सांगतात, आणि मला तो फार आवडतो.

राज्यव्यवहारकोशाचा मुद्दा तुमचा सर्वांत वजनदार. रघुनाथपंतांनी तो कोश केला, दरबारी व्यवहारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ती स्वराज्याची गरज होती, त्यावर माझं दुमत नाही. सावरकरांचे ‘दिनांक’, ‘महापौर’ मीही रोज वापरतो. पण लासलगावच्या लिलावात ‘सहस्र रुपये’ कुणी पुकारत नाही, आणि आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेवर ‘हजारचंद्रदर्शन’ कुणी छापत नाही. दोन्ही शब्दांनी आपापली जागा धरलीय. एकाला उठवायचं कशाला?

आणि पांडवलेणी तर तुमच्या-माझ्या अंगणातली. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. भिक्षुसंघासाठी त्याने तीन सहस्र कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून दिले. त्यातले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. दोन हजारांचं व्याज वर्षाला २४०, म्हणजे वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशेब पैशाला पैसा लागतो. तीन लाख गाई दिल्याचंही तिथे आहे, पण शब्द ‘लक्ष’ नव्हे, ‘शतसहस्र’.

हा उषवदात स्वतःला शक म्हणवतो. शकांची बोली इराणी शाखेची, हजाराच्या घरची. त्याने नाशिकच्या दगडावर ‘सहस्र’ कोरून घेतलं.