सत्यप्रत

सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी आपलंच जुनं काहीतरी वाचायला बसलो. हा छंद वयोमानाने जडतो. लेखनाच्या त्या संकेतस्थळावर गेलो, तर माझ्या नावासमोर '० लेख'. सात वर्षांत लिहिलेले ३७ लेख आणि समोर पूज्य! बँकेत ३१ वर्षं काढली असल्यामुळे, खात्यात शिल्लक शून्य दिसली की खातेदाराचा चेहरा कसा होतो हे मला ठाऊक होतं. आतून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

तक्रार केली. चौथ्या दिवशी उत्तर आलं की नव्या नियमांप्रमाणे जुने लेख काढले आहेत, ३० दिवसांत प्रती उतरवून घ्या असं आपणांस तीन महिन्यांपूर्वीच कळवलं होतं, आता हवं तर पुन्हा सादर करावेत. शोधलं तर ते पत्र खरंच सापडलं. साड्यांचा सेल आणि 'पूर्वमंजूर वैयक्तिक कर्ज' यांच्यामध्ये, न उघडलेलं. कर्जाचं मात्र मी उघडून नीट वाचलं होतं. व्याजदरासकट.

घरात तुकोबांचा विनोद होणार हे मी धरूनच चाललो होतो.

"तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी वर आल्या म्हणतात," ही म्हणाली. "तुमचे किती दिवस झाले?"

"चौदा."

"मग बघा बाई," म्हणून ती कुकर लावायला गेली.

'तुमचा एकेक लेख मी जपून ठेवतो' म्हणणारे शेजारी होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला. शेवटी भाच्याला बोलावलं.

"मामा, तू बॅकअप घेतला नव्हतास?" हे विचारताना आजच्या पिढीचा चेहरा डॉक्टरांसारखा होतो. मग त्याने जुन्या संगणकातून काही फायली काढल्या. पण त्या मी बँकेतल्या जुन्या फाँटात टंकलेल्या. उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस, एखाद्याने तापात बरळावं तशी. फाँट बदलून देणारी एक सोय त्याने शोधली. गंमत अशी की जुन्या फाँटात आपण दिसतं तसं टंकायचो, म्हणजे आधी पहिली वेलांटी, मग अक्षर. युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी अक्षर, मग वेलांटी. या भांडणात माझा 'महिना' झाला 'मिहना', 'कविता' झाली 'किवता' आणि 'परिस्थिती'ची 'पिरिस्थती' झाली. रफार तर एकेक घर पुढे सरकलेले. 'चर्चा'ची 'चचार्' आणि 'अर्थ'चा 'अथर्'. पानभर वाचून एकच गोष्ट लक्षात आली, की 'बायको' हा शब्द सगळीकडे जसाच्या तसा शाबूत होता. ना वेलांटी, ना रफार. त्याला कोण हात लावणार?

सहा लेख असे हाताने दुरुस्त केले. ते करताना मान दुखली, आणि चारांच्या बाबतीत संकेतस्थळाने वाचकांवर उपकारच केले होते असंही वाटून गेलं. हे अजून घरात बोललेलो नाही.

उरलेल्यांसाठी भाच्याने वेबॅक मशीन उघडलं. ते चालवणारी इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबपानांच्या प्रती साठवते आणि तिचं ठाणं सॅन फ्रान्सिस्कोत, मोठमोठ्या खांबांच्या एका जुन्या चर्चमध्ये आहे. 'डेक्कन क्वीनमधलं ऑम्लेट' हा माझा सर्वांत लाडका लेख तिथे निघाला! नगर रोडवरच्या माणसाचं ऑम्लेट सातासमुद्रापार चर्चमध्ये सुखरूप आहे म्हटल्यावर मला भरून आलं. पहिले दोन परिच्छेद होते. खाली 'पुढे वाचा'. दाबलं, तर पुढचं पान जतनच झालेलं नाही. म्हणजे ऑर्डर दिली, काटा-चमचा आला, आणि गाडी शिवाजीनगरला लागली.

अख्खं ऑम्लेट सापडलं ते हिच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर गुलाबाची फुलं, खाली 'एका निवृत्त स्टेशनमास्तरांच्या लेखणीतून'. मी आयुष्यात तिकिटापलीकडे रेल्वेशी संबंध ठेवलेला नाही. पण लेख अक्षर न् अक्षर माझा. फक्त एक बदल. गाडी सुरू झाल्याचं साल मी १९२९ लिहिलं होतं, ते कुणीतरी १ जून १९३० असं केलं होतं. तपासलं, तर स्टेशनमास्तरांचंच बरोबर.

चर्चमधली सुरुवात आणि भिशीतला शेवट जोडून मी लेख सादर केला. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'हा मजकूर आंतरजालावर अन्यत्र आढळला आहे. स्वतःचे लेखन पाठवावे.'

मी चार पानी अर्ज लिहिला. सोबत चर्चमधल्या पानाचं चित्र आणि 'पिरिस्थती'सकट जुनी फाइल जोडली. हयातीचा दाखलाही जोडणार होतो, हिने अडवलं. आठवड्याने संपादकांचं उत्तर आलं. माणूस बारकाईने वाचणारा होता. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या जुन्या प्रतीत १९२९ आहे, फिरणाऱ्या मजकुरात १९३०. चुकीवरून मूळ लेखक आपणच हे सिद्ध होते. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं. खाली एक ओळ आणखी होती: 'मात्र सालाची चूक दुरुस्त करून लेख पुन्हा पाठवावा.'

केली. पाठवला. दोन मिनिटं.

'हा मजकूर आंतरजालावर अन्यत्र आढळला आहे.'

भाच्याला फोन लावला. तो ऑफिसात होता, घाईत होता. "मामा, मग दुसरी एखादी चूक कर ना," म्हणाला आणि फोन ठेवला.

रात्री सगळे झोपल्यावर मी ऑम्लेटमधला कांदा काढला, टोमॅटो घातला आणि 'सादर करा' दाबलं.