टर्पिनचा दगड आणि भाच्याचा मोबाइल

परवा पुण्याहून ताईचा फोन आला. भाच्याच्या मोबाइलमध्ये गुंडांच्या रील्स सापडल्या होत्या: गाड्यांचा ताफा, मागे गाणं, खाली ‘भाई’. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गुंडांना रांगेत उभं करून असल्या रील्स टाकायच्या नाहीत असा दम भरला होता, तरी हे चालूच. “सरळ बंदी घाला,” ताई म्हणाली. घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. निम्मे तिच्या बाजूने, निम्म्यांचं म्हणणं करमणूक आहे, मनावर कशाला घ्यायचं.

मी इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये राहते. घरापासून चालत दहा मिनिटांवर सेंट जॉर्जच्या जुन्या दफनभूमीत डिक टर्पिन या दरोडेखोराची कबर म्हणून एक दगड दाखवतात. ७ एप्रिल १७३९ रोजी त्याला इथेच फाशी दिलं, तेही घोडेचोरीसाठी. सव्वाशे वर्षांनी लंडनच्या प्रकाशकाने ‘ब्लॅक बेस’ ही त्याच्यावरची मालिका काढली. दर आठवड्याला एक पेनीचा अंक, असे २५४ अंक! त्यातला टर्पिन दिलदार, बायकांशी अदबीने वागणारा. त्याची काळी घोडी एका रात्रीत लंडनहून यॉर्कपर्यंत दौडते आणि ऊर फुटून मरते. ही दौड त्याने कधी केलीच नाही. १८३४ च्या एका कादंबरीमुळे ती त्याच्या नावावर चिकटली.

बंदीची ओरड तेव्हाही झाली. १८९५ मध्ये पूर्व लंडनमधल्या तेरा वर्षांच्या रॉबर्ट कूम्ब्सने आईचा खून केला. घरात अशा स्वस्त अंकांचा गठ्ठा सापडला आणि सगळं खापर त्या अंकांवर फुटलं. हाच रॉबर्ट पुढे पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला जखमींना स्ट्रेचरवरून वाहून आणत होता. त्याला शौर्यपदक मिळालं. म्हणून ताईची बंदी मला पटत नाही.

पण ‘नुसती करमणूक’ म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. ४ फेब्रुवारी १७३५ च्या संध्याकाळी टर्पिनची टोळी एजवेअरजवळ जोसेफ लॉरेन्स नावाच्या सत्तरीच्या शेतकऱ्याच्या घरात घुसली. पैसे कुठे ठेवलेत ते सांगावं म्हणून त्याला पिस्तुलांनी झोडपलं, किटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, उघड्या अंगाने चुलीच्या विस्तवावर बसवलं. टोळीतल्या एकाने घरातल्या मोलकरणीवर बलात्कार केला. पेनीच्या अंकांमधल्या उमद्या टर्पिनच्या कथेत या म्हाताऱ्याला जागा मिळणार कुठून? रील्समध्ये तरी मार खाल्लेला दुकानदार कुठे दिसतो, हप्त्यापायी धंदा गुंडाळलेला माणूस कुठे दिसतो? ही काटछाटच मला खरी घातक वाटते, आणि तिच्यावर बंदीचा काही इलाज नाही. वगळलेली माणसं कोणीतरी पुन्हा गोष्टीत आणली पाहिजेत.

म्हणून रात्री भाच्यालाच फोन लावला. दौडीची गोष्ट आधी सांगितली, ती त्याला भारी आवडली. मग लॉरेन्सची सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही.

“मावशी, तो म्हातारा वाचला का गं?”

वाचला, म्हटलं. आणि कोर्टात जाऊन साक्षही दिली त्याने.