वरच्या तीन कोळंब्या

आमच्या आईचं यूट्यूबवर चॅनल आहे. मालवणी जेवण. म्हणजे स्वयंपाक आई करते, मोबाईल मी धरतो, एडिटिंग मुलगी करते आणि थंबनेलचं, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या त्या छोट्या चित्राचं, जे काय वाटोळं होतं ते माझ्या नावावर जमा होतं. यूट्यूब स्वतःच सांगतं की निम्म्या चॅनल्सचा क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल दिसलेल्यांपैकी किती जण ते दाबतात ते प्रमाण, २ ते १० टक्क्यांच्या मधे कुठेतरी असतो, आमचा १.८. शंभर जणांपुढे ताट ठेवलं तर दोन माणसंसुद्धा पाटावर धड बसत नाहीत.

मुलगी म्हणाली, बाबा तू कॉम्पिटिटर ॲनालिसिस कर. मला आधी तो ब्लड टेस्टचा प्रकार वाटला. पण अर्थ एवढाच की आपल्यासारखेच मासे शिजवणारे बाकीचे लोक थंबनेलवर काय करतात ते बघायचं आणि शिकायचं. मी आयुष्यभर बँकेत क्लिअरिंगला बसलेला माणूस, रकाने आखायचे म्हटलं की मला हुरूप येतो. भांडुप ते सीएसएमटी रोज जाता येता स्क्रीनशॉट काढत सुटलो, आठवड्यात चाळीस झाले. गॅलरीत लेकीचे वाढदिवसाचे फोटो शोधायला गेलो तर आधी अकरा अनोळखी बायका हातात पापलेट घेऊन किंचाळताना दिसतात.

तर निष्कर्ष. चाळीसातली एकतीस पिवळी. सव्वीस ठिकाणी लाल बाण, आणि बाण कुठे तर कढईकडे. आख्ख्या चित्रात कढई सोडून दुसरं काही नाही, तरी बाण. आणि तेहतीस जणांचं तोंड उघडं, डोळे बाहेर, जणू कालवणातून वाफेऐवजी एलआयसीचा एजंट वर आलाय.

मग काय, केलं आपणही. आईला गॅसपाशी उभी केली आणि म्हटलं, आई, आश्चर्य वाटल्यासारखं कर.

"कसला आश्चर्य? पन्नास वर्सां करतंय ह्यां कालवण."

"अगं फक्त तोंड उघड."

"माशी जातली."

शेवटी कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती दचकली आणि मी तो क्षण पकडला. पिवळं बॅकग्राउंड टाकलं, बाण टाकला, बाराशे ऐंशी बाय सातशे वीसच्या चौकटीत जेवढे रंग मावतील तेवढे मावले. वर ठसठशीत अक्षरात 'आईच्या हातचं', खाली उजवीकडे 'कोळंबीचं कालवण'. लॅपटॉपवर काय दिसत होतं सांगू, गणपतीच्या मंडळाचा बॅनर झक मारेल. रात्री कणकवलीहून मावशीचा आईला फोन. "कालचा जेवाण दाखवतंस काय गो लोकांका?" मला कळेचना. मग मोबाईलवर बघितलं. थंबनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची वेळ दाखवतं, काळ्या चौकोनात, आणि तो चौकोन बरोब्बर 'वण' वर येऊन बसला होता. जगाला दिसत होतं, 'आईच्या हातचं कोळंबीचं काल'. त्यात अक्षरांना मी जाड पांढरी बॉर्डर दिलेली, तिने अनुस्वार गिळलेले ते वेगळेच. मराठी अक्षराला वर डोकं असतं आणि खाली पाय, बॉर्डर दिली की दोन्ही सुजतात. परत स्क्रीनशॉट उघडले. चाळीसातल्या एकानेही त्या कोपऱ्यात अक्षर ठेवलं नव्हतं. आठवडाभर मी बाण मोजले, पण रिकामा कोपरा कशाला कोण मोजतंय.

मग ठरवलं की थंबनेल बघायचं ते जिथे लोक बघतात तिथे, म्हणजे ट्रेनमध्ये, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये. हे चांगलं नाही हे मान्य, पण सकाळच्या स्लो लोकलला दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये न बघता उभं राहायला मान कुठे वळवणार? एक गृहस्थ माझ्या छातीला पाठ लावून स्क्रोल करत होते. तिथे बघितलं आणि डोळे उघडले, थंबनेल म्हणजे काडेपेटीएवढं, अंगठा सर्रकन वर जातोय, पिवळं, पिवळं, पिवळं, काही म्हणजे काही वाचता येत नाही. आणि अचानक त्यांनी आमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाचा सुरमईचा व्हिडिओ उघडला! मला राहवलं नाही. विचारलं, "ओ, एवढ्या सगळ्यात हाच का दाबलात?"

त्यांनी मान वळवून वरपासून खालपर्यंत बघितलं. "दाबलं नाही ओ. कुर्ला आलं ना, धक्का लागला."

हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

यूट्यूबमध्ये एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून तपासायची सोय आहे. यूट्यूब ती वेगवेगळ्या लोकांना वाटून दाखवतं आणि ज्याच्यामुळे लोक जास्त वेळ बघतात ते जिंकतं, नुसत्या क्लिकवर नाही. मी तीन लावली. दचकलेली आई, बाणवाली कढई, आणि नुसता पातेल्यातला आईचा हात. दोन आठवडे वाट बघून निकाल आला की तिन्हींत विशेष फरक नाही. म्हणजे तिन्ही सारखीच पडली.

रविवारी मार्केटात गेलो तर डोक्यात तेच. एका मावशीने सुरमईचा कल्ला उघडून लालभडक बाजू वर केली, तर शेजारणीने बघितलं न बघितल्यासारखं करून आपल्याही सुरमईचा कल्ला उघडला. तिसरीने दोघींकडे बघितलं आणि सुरमई मागे ढकलून कोळंबीचे वाटे पुढे घेतले, वर पाणी शिंपडलं. वही नाही, स्क्रीनशॉट नाही, अर्ध्या मिनिटात ॲनालिसिस खलास! मी भारावून तिच्याच पुढे जाऊन उभा राहिलो. वाट्यावर तीन कोळंब्या अशा होत्या की बोटभर म्हणणं म्हणजे अपमान. बाण लागत नव्हता. भावसुद्धा केला नाही मी.

घरी आईने पिशवी सिंकमध्ये उलटी केली आणि बोटाने दोन ढीग केले. एक तिघींचा, एक उरलेल्या बारक्यांचा.

"वयली तीन कोळंबी. खाली सगळी करंदी."

२०२४ च्या डिसेंबरमध्ये यूट्यूबने जाहीर केलं होतं की थंबनेलवर एक आणि आत भलतंच असे भारतातले व्हिडिओ, विशेषतः बातम्यांचे, आता काढायला घेणार. मार्केटातल्या मासेवालीच्या पाटीला हे लागू नसावं.

कालवण झालं. मी वाडगं खिडकीपाशी नेलं, उजेड बरा होता, करंदी चमच्याने तळाशी सारली आणि त्या तिघींना वर बसवलं. उजवा खालचा कोपरा मोकळा सोडला.

आई मागे येऊन उभी राहिली. "व्हिडिओत करंदी दिसतली मरे?"

"दिसेल ना. चौथ्या मिनिटाला."

ती काही बोलली नाही. पदराला हात पुसला, पुढे झाली आणि मधल्या कोळंबीची मिशी सरळ केली.