मॉडेल चुकलं, म्हणून जंगल सुरक्षित आहे का?

नमस्कार. माझ्या अ‍ॅमेझॉनवरच्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, की ब्राझीलचे हवामानशास्त्रज्ञ कार्लोस नोब्रे यांच्यासारखे शास्त्रज्ञ संगणकात आकडे भरून जंगल मरणार म्हणून घाबरवतात आणि मग शब्द फिरवतात. शब्द फिरल्याचं उदाहरण मीच देते. २००० साली हवामानशास्त्रज्ञ पीटर कॉक्स आणि सहकाऱ्यांच्या मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या हवामानात, याच शतकात अ‍ॅमेझॉनचा मोठा भाग सुकला होता. २०१३ मध्ये त्याच कॉक्स यांनी तापमानवाढीमुळे असलेला हा धोका बराच कमी असल्याचं मांडलं. नवी मोजमापं हाती आल्यावर स्वतःचं म्हणणं बदलणाऱ्या माणसावर माझा विश्वास जास्त बसतो.

पण नुसते आकडे? नाही. आधी पाऊस तपासला गेला. १९७०च्या दशकात एनेआस सालाती यांनी पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) दाखवलं, की तिथला जवळपास निम्मा पाऊस त्याच खोऱ्यातून परत उठलेल्या वाफेचा असतो. ही वाफ वाऱ्यासोबत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. म्हणजे पूर्वेकडचं झाड तोडलं की पश्चिमेकडच्या झाडाचं पाणी तुटतं. जगदीश शुक्ला, नोब्रे आणि पिअर्स सेलर्स यांनी १९९० मध्ये मॉडेलमध्ये जंगल काढून गवत लावलं. तापमान वाढलं, पाऊस घटला, कोरडा हंगाम लांबला. मला भीती वाटते ती या शेवटच्या गोष्टीची, कारण तेवढ्या कोरड्यात जंगल पुन्हा रुजणं कठीण. पुढे दक्षिण अ‍ॅमेझॉनमध्ये हंगाम खरोखरच लांबत गेल्याचं नोंदींत दिसलं. लुसियाना गात्ती यांच्या चमूनं २०१० ते २०१८ या काळात विमानांतून हवेचे नमुने गोळा केले, तर आग्नेय भाग कार्बन शोषण्याऐवजी सोडत होता.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. बऱ्याच मॉडेलांत जादा कार्बन डायऑक्साइड मिळाला की झाडं फोफावतात. तिथल्या मातीत फॉस्फरस कमी आहे, हे त्यांत धरलेलंच नसतं. ब्राझीलमधल्या माणाउस शहराजवळ खऱ्या झाडांभोवती जादा वायू सोडून हेच तपासण्याचा प्रयोग उभारला आहे.

आणि एक चूक माझी. थॉमस लव्हजॉय आणि नोब्रे यांनी २०१८ मध्ये सांगितलेला २० ते २५ टक्के तोडीचा उंबरठा, म्हणजे ज्यापुढे जंगल स्वतःला टिकवू शकणार नाही ती मर्यादा, मी ठाम रेघ असल्यासारखा लिहिला. तो अंदाज आहे. लेखात दुरुस्ती करते. पण १७ टक्क्यांच्या आसपास जंगल आधीच गेलं आहे, आणि ती रेघ नेमकी कुठे आहे हे जंगल तोडून बघायची माझी तयारी नाही.