मेंदू सांभाळायचाय? मग जागचे हलू नका

मंडळी, हल्ली जो तो उठतो आणि चालायला जातो, पळायला जातो, वर आपल्यालाही चल म्हणतो. तुम्ही अजिबात जाऊ नका.

आधी एक आदर्श समोर ठेवा. समुद्रात सी स्क्वर्ट नावाचा प्राणी असतो, पिल्लू असताना पोहत हिंडतो, तेवढ्यापुरता त्याला बेताचा मेंदूही असतो, मग एक दिवस मनासारखा खडक मिळाला की तिथे कायमचा चिकटतो आणि आता कुठे जायचंच नाही म्हटल्यावर तो मेंदू चक्क पचवून टाकतो. विषय संपला! तुम्हाला तर खडकही शोधायला नको, सोफा आहे.

आपली अडचण एवढीच की आपला मेंदू असा सुखासुखी जात नाही. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के आणि ऑक्सिजन खातो २० टक्के, असा एक मेंबर प्रत्येक घरात असतोच. त्यात तुम्ही भरभर चालायला लागलात की त्याला रक्त जास्त मिळतं, बीडीएनएफ नावाचं प्रोटीन वाढतं, ते मेंदूच्या पेशींना खतासारखं लागू पडतं, आणि मग तो आणखीच माजतो. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १२० वयस्कर माणसं घेतली, अर्ध्यांना आठवड्यातून ३ दिवस ४० मिनिटं चालायला लावलं, बाकीच्यांकडून नुसतं स्ट्रेचिंग वगैरे करून घेतलं. वर्षाने बघतात तर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं गोदाम हो, साधारण २ टक्क्यांनी वाढलेला आणि दुसऱ्यांचा थोडा आक्रसलेला. आता मला सांगा, त्या वयात गोदाम वाढवून ठेवायचंय काय? समोरच्याचं नाव आठवलं की त्याच्याशी बोलत बसावं लागतं.

मनाचं तर विचारूच नका. रात्री दोन वाजता छताकडे बघत, आठ वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये आपण काय बोललो ते आठवायचं, ही वर्षानुवर्षांची साधना आहे. व्यायाम करणाऱ्याला मेली झोपच लागते. शिवाय पळताना छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास लागतो आणि तरी काहीच वाईट होत नाही, हे शरीराला एकदा कळलं ना, की पुढे टेन्शनमध्ये धडधडलं तरी ते पूर्वीसारखं घाबरत नाही. इतक्या मेहनतीने कमावलेली धास्ती अशी वाया घालवायची?

१९९९ साली तर कहर झाला, डिप्रेशन असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांवरच्या एका अभ्यासात १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे आणि गोळ्या घेणारे जवळपास सारखेच सुधारलेले निघाले. (इथे मिनिटभर उपरोध बाजूला ठेवतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि ज्याला डिप्रेशनमुळे अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं वाटतंय त्याला "जरा पळून ये, बरं वाटेल" असं सांगणाऱ्यांनी आधी स्वतः लांब पळून जावं. हा लेख त्याच्यासाठी नाही, तो तुमच्या माझ्यासारख्या धडधाकट आळशांसाठी आहे.)

तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे दिवसाला वीसेक मिनिटं. यावर शांतपणे "वेळच मिळत नाही हो" म्हणायचं आणि फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा कुणाला दिसू द्यायचा नाही. फारच टोचणी लागली तर भारीतले शूज घ्या, पावलं मोजणारं घड्याळ घ्या. मात्र ते तासातासाला "उठा" म्हणून मनगटावर थरथरतं, तेवढं सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. बाकी असेल हरी तर देईल खाटल्यावरी.

आणि सावध राहा, हा प्रकार कुठूनही घुसतो. परवा आमची लिफ्ट बंद होती, नाइलाजाने चार मजले चढून गेलो, दारात धापा टाकत उभा, आणि सकाळपासून कसली काळजी करत होतो तेच आठवेना. सोफ्यावर पडून ती परत आठवायला तासभर लागला राव.