एस१२ ते एस२० : चूक माझी, पण पूर्ण नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, आणि निम्मी रास्त आहे. १२ ते २० क्रमांकाची पत्रं हवी म्हणून तुम्ही माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे वर्डच्या प्रिंट खिडकीतल्या 'पेजेस'च्या चौकटीत एस१२-एस२० (एस म्हणजे सेक्शन, फाइलचा स्वतंत्र मांडणीचा भाग) टाकलंत आणि भलत्याच लोकांची पत्रं छापून आली. त्यावर तुमचं म्हणणं असं की मेल मर्जमध्ये (एक मसुदा आणि नावांची यादी जोडून प्रत्येकाचं वेगळं पत्र काढायची वर्डची सोय) सरळ रेकॉर्ड नंबर, म्हणजे यादीतला क्रमांक, देऊन छापता येत असताना हा द्राविडी प्राणायाम हवाच कशाला.

आधी माझी चूक. मर्ज करून नवी फाइल तयार झाली की वर्ड प्रत्येक पत्रानंतर सेक्शन ब्रेक घालतो आणि पुढचं पत्र पुन्हा पान १ पासून मोजतो. म्हणून तिथे नुसते पानांचे आकडे कुचकामी ठरतात, सेक्शन सांगावा लागतो. इथवर ठीक. पण एक पत्र म्हणजे एकच सेक्शन, हे मी गृहीत धरलं. तुमच्या पत्रात दुसरं पान आडवं आहे, तक्त्यासाठी. पान आडवं केलं की मूळ मसुद्यातच एक सेक्शन ब्रेक येतो, म्हणजे तुमचं प्रत्येक पत्र दोन सेक्शनचं. मग एस१२ म्हणजे सहाव्या पत्राचा तक्ता आणि एस२० म्हणजे दहाव्याचा. नऊ पानं आली असणार, आणि पहिलं पान म्हणजे मजकूर नसलेला नुसता तक्ता. बरोबर ना? तुम्हाला हवं होतं एस२३-एस४०.

खरं तर हा हिशेब करतच बसू नये. हव्या त्या माणसाचं नाव शोधा, कर्सर तिथे ठेवा, खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून 'सेक्शन'वर टिक करा. आकडा समोर दिसतो. एक्सेलमधल्या यादीच्या ओळीवर तर मुळीच विसंबू नका. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणजे १२ वी ओळ हे ११ वं पत्र. त्यात मर्ज करताना यादी सॉर्ट किंवा फिल्टर केली असेल तर तोही हिशेब जुळत नाही. (चौकटीत अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाका. मराठी कीबोर्ड चालू राहिल्यामुळे मी स्वतः बराच वेळ डोकं आपटलं आहे.)

आता रेकॉर्ड नंबरचं. 'फिनिश अँड मर्ज'मधल्या 'प्रिंट डॉक्युमेंट्स'मध्ये 'फ्रॉम-टू' आहे, सलग पत्रांसाठी ते उत्तमच. ३, १७ आणि ४१ अशी सुटी पत्रं हवी असतील तर मात्र यादीत जाऊन बाकीच्यांची टिक काढावी लागते; तयार फाइलमध्ये एस३,एस१७,एस४१ एवढं पुरतं (अर्थात पत्र एका सेक्शनचं असेल तर). पण माझा मुद्दा वेगळाच होता. मर्ज झाल्यावर कुणाच्या पत्रात हाताने एक ओळ वाढवली, कुणाचा मायना बदलला, तर ते बदल फक्त त्या तयार फाइलमध्ये असतात. रेकॉर्ड नंबर देऊन छापलंत तर मूळ मसुद्यावरून नवं पत्र निघतं आणि तुमची ओळ त्यात नसते. कागद वाया गेलेला निदान दिसतो. हे पाकिटात जाईपर्यंत कळत नाही.

आणखी एक खाच, मूळ लेखात राहिलेली : पी२एस१-पी२एस४० (पी म्हणजे पान) टाकून प्रत्येक पत्राचं फक्त दुसरं पान मिळत नाही. पहिल्या सेक्शनच्या दुसऱ्या पानापासून चाळिसाव्याच्या दुसऱ्या पानापर्यंत मधलं सगळं छापलं जातं. सुटी पानं हवी असतील तर स्वल्पविराम देत एकेक लिहावी लागतात. कंटाळवाणं आहे, खरं.

लेखात दोन-सेक्शनवाल्या पत्राची दुरुस्ती आजच घातली आहे. वाया गेलेल्या नऊ पानांबद्दल क्षमस्व.