हँडलाइन म्हणजे लूट? डेट्रॉइट नदीवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

मार्च उजाडला, ईरी सरोवरातला वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा अंडी घालायला डेट्रॉइट नदीत चढायला लागला, की मिशिगनमधल्या आपल्या मासेमारांत एक फॉरवर्ड फिरू लागतो. सार असं: हँडलाइनला, म्हणजे दांडीशिवाय हातातल्या तारेनं मासे पकडायला, कसब लागत नाही, त्यावर हवे तेवढे मासे उपसता येतात, गाभोळीच्या माद्या मारल्या जातात आणि म्हणून वॉलआय संपत चाललाय.

आधी कसबाचं. हँडलाइनला दांडी नसते, एवढं खरं. बोटीच्या कडेला स्प्रिंगचं रीळ बसवलेलं असतं. पूर्वी त्यासाठी जुन्या ग्रामोफोनच्या स्प्रिंगा वापरत. त्यावर तार, तारेच्या टोकाला पाऊण-एक पौंडापासून दीड पौंडापर्यंतचं शिसं आणि त्याच्या वर वेगवेगळ्या लांबीच्या दोन-तीन दोऱ्यांवर रापाला (माशाच्या आकाराचं नकली आमिष, म्हणजे प्लग) किंवा चमच्यासारखी धातूची चकाकती आमिषं. एक हात इंजिनाच्या दांड्यावर, दुसरा तारेवर. बोट प्रवाहाविरुद्ध रांगत चालवायची आणि हात पुढे-मागे करत शिसं तळाला टेकवायचं, लगेच उचलायचं. टेकलंच नाही तर प्लग माशांच्या डोक्यावरून जातात. लोळलं तर कपारीत अडकतं. नदीचा तळ सतत वर-खाली होतो, त्यामुळे दर काही मिनिटांनी तार सोडावी नाहीतर घ्यावी लागते, आणि हे सगळं बऱ्याचदा अंधारात. कोकणात हातानं गरवणाऱ्याला बिनकसबी म्हणून बघा, काय ऐकायला मिळतं ते!

मजा कमी येते, असं कुणी म्हटलं तर मात्र मी वाद घालणार नाही. हलक्या दांडीवरचा मासा जास्त खेळवतो.

‘हवे तेवढे मासे’ हे तर सरळ खोटं. नदीच्या मिशिगनकडच्या पाण्यात माणशी दिवसाला 6 वॉलआय, किमान 15 इंचांचे. दांडी असो की तार, आकडा बदलत नाही. पलीकडच्या, कॅनडातल्या ऑन्टारियोच्या पाण्यात परवाना आणि नियम तिथले.

गाभोळीच्या माद्यांचं म्हणाल, तर दिवसा दांडीवर जिग (शिशाच्या डोक्याचा एकेरी गळ) खालीवर नाचवणारेही त्याच पाण्यातून त्याच माद्या काढतात. शिवाय नर आधी येतात आणि जास्त दिवस थांबतात, त्यामुळे सुरुवातीच्या पकडीत त्यांचाच भरणा असतो. वॉलआय घरटं करत नाही, अंडी राखतही नाही. खडीवर टाकून निघून जातो. मोठी मादी सोडावीशी वाटली तर जरूर सोडा, पण तो निर्णय पकडणाऱ्याचा असतो, रिळाचा नव्हे.

‘संपत चाललाय’? ईरीत 2003, 2015 आणि 2018 सालची पिल्लावळ प्रचंड निघाली. पिल्लं किती जगणार यात वसंतातल्या हवेचा मोठा हात असतो. शिवाय सरोवराभोवतीची चार राज्यं आणि ऑन्टारियो मिळून दरवर्षी पकडीची मर्यादा ठरवतात. 1970 मध्ये नदीच्या वरच्या टोकाच्या सेंट क्लेअर सरोवरातली आणि ईरीच्या पश्चिम भागातली वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली होती खरी, पण ती माशांत सापडलेल्या पाऱ्यामुळे, आणि तो पारा कारखान्यांतून आला होता.

खरा आक्षेप फॉरवर्डवाल्याला सुचलाच नाही. रापालाला दोन-तीन तिहेरी गळ असतात. सोडायच्या माशाला त्यांची जखम जिगच्या एकेरी गळापेक्षा जास्त होऊ शकते. त्यानं तेवढंच लिहिलं असतं, तर मी गळांचे उलटे काटे पक्कडीनं दाबून टाका म्हटलं असतं आणि गप्प बसलो असतो.